लहान कुत्र्याचा वेगळा डबा: घरचं अन्न आणि रोजची निगा

घरात पहिल्यांदाच लहान कुत्रा आला की सल्ल्यांचा पाऊस पडतो. आजी सांगते, दूध-पोळी घाल. शेजारचे म्हणतात, आमचा मोती आयुष्यभर आमच्याच ताटातलं जेवला. मोबाइलवर कुणी सांगतं, सगळं नैसर्गिक करा, दुकानातलं काहीच नको. घरी शिजवलेलं ताजं अन्न कुत्र्याला मानवतं, हे मी ठामपणे सांगेन. मात्र ते त्याच्यासाठी वेगळं शिजवलेलं आणि मोजून दिलेलं हवं. तीस किलोच्या लॅब्रेडॉरला जी चूक पचून जाते, ती चार किलोच्या पॉमला (पॉमेरेनियनला) दवाखान्यात नेते. लहान कुत्रा पाळायचा तर हे आधी मनात पक्कं करा.

इथे लिहिलेलं सगळं तीन ते आठ किलो वजनाच्या, वर्षापुढच्या, निरोगी कुत्र्यांसाठी आहे: पॉमेरेनियन, शिह त्झू, पग, डॅशहाउंड आणि याच चणीचे मिश्र जातीचे कुत्रे. पिल्लाचं गणित वेगळं असतं. वाढत्या हाडांना कॅल्शियम आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात लागतं आणि तिथे अंदाजपंचे स्वयंपाक चालत नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत त्याला पिल्लांसाठीचं तयार अन्न द्या, किंवा पशुवैद्याने लिहून दिलेलाच आहार द्या. अगदी छोट्या जातीच्या पिल्लांना दिवसातून चार वेळा खाऊ घाला. बराच वेळ उपाशी राहिलं तर त्यांच्या रक्तातली साखर एकदम उतरते आणि पिल्लू झोकांड्या खायला लागतं.

आधी वजन करा

स्वयंपाकघरात शिरण्याआधी वजनकाटा काढा. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि फरक लिहून ठेवा. महिन्यातून एकदा हे करायचं. आकड्याइतकाच हातही महत्त्वाचा. कुत्र्याच्या छातीच्या दोन्ही बाजूंवर तळवे हलके फिरवा. फासळ्या न दाबता बोटांना जाणवल्या पाहिजेत, पण डोळ्यांना ठळक दिसता कामा नयेत. वरून पाहिलं की कंबर आत गेलेली दिसायला हवी. पॉमच्या केसांत हे दिसत नाही, म्हणून तिथे हातावरच भरवसा ठेवा.

इंटरनेटवर पॉमेरेनियनचं वजन दीड ते साडेतीन किलो लिहिलेलं असतं. आपल्याकडे पॉम म्हणून पाळलेले पुष्कळ कुत्रे प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ असतात आणि त्यांचं पाच ते सात किलो वजन अगदी योग्य असतं. तेव्हा तो आकडा वाचून कुत्र्याला उपाशी ठेवू नका.

दिवसाला किती?

नसबंदी झालेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, रोज थोडंफार फिरणाऱ्या कुत्र्याला साधारण इतक्या कॅलरी लागतात: तीन किलोच्या कुत्र्याला २२० ते २५०, पाच किलोच्या कुत्र्याला ३३० ते ३७०, आणि आठ किलोच्या कुत्र्याला ४७० ते ५३०. म्हातारा आणि दिवसभर झोपणारा असेल तर याहून कमी, सतत धावणारा असेल तर जास्त. ही फक्त सुरुवात धरा. महिनाभराने काटा काय सांगतो ते पाहून प्रमाण कमी-जास्त करा.

आता आपल्या घरातल्या वस्तू या आकड्यांशेजारी ठेवून बघा. तूप न लावलेली एक मध्यम पोळी जवळपास १०० कॅलरींची असते. तीन किलोच्या कुत्र्याच्या दिवसभराच्या अन्नातला तो पाचपैकी दोन भाग झाला. चहाबरोबर दिलेली दोन ग्लुकोज बिस्किटं चाळीस-पन्नास कॅलरी देतात. घरात चार माणसं असतील आणि प्रत्येकाने प्रेमाने दोन-दोन दिली, तर पोटाला जेवणाची गरजच उरत नाही. मग लोक म्हणतात, हा नीट जेवतच नाही हो. वरखाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका. तुकडे द्यायचेच असतील तर गाजर, काकडी, उकडलेली फरसबी, किंवा बिया काढलेल्या सफरचंदाची फोड द्या. कुत्र्याला तुमच्या हातून काहीतरी मिळाल्याचा आनंद असतो, ते काय आहे याची त्याला फारशी पर्वा नसते.

पाच किलोच्या कुत्र्याचा एक दिवस

शिजवल्यानंतरचं वजन धरून हे प्रमाण आहे:

- बिनहाडाचं, कातडी काढलेलं उकडलेलं चिकन: १२० ग्रॅम
- मऊ भात: ८० ग्रॅम
- लाल भोपळा, गाजर, दुधी, फरसबी यांपैकी एक-दोन भाज्या: ५० ग्रॅम
- तेल: अर्धा चमचा (चहाचा)
- अंड्याच्या टरफलांची पूड: १ ग्रॅम

एकूण सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी होतात, म्हणजे थोड्या वरखाऊला जागा राहते. हे दोन वेळा विभागून द्या.

करायला सोपं आहे. चिकनचे लहान तुकडे, तांदूळ आणि भाज्या कुकरमध्ये वेगवेगळ्या भांड्यांत लावा, तीन-चार शिट्या घ्या. एकत्र शिजवलं तर मोजता येत नाही, म्हणून भांडी वेगळी. गार झाल्यावर प्रत्येक गोष्ट काट्यावर तोला आणि मग कालवा. फोडणी, मसाला, आलं-लसूण काही नाही. चिकन ज्या पाण्यात शिजलं ते टाकू नका, कालवताना घाला. पाणी कमी पिणाऱ्या कुत्र्यांचं त्याने भलं होतं. तीन दिवसांचं एकदम करून स्टीलच्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवता येतं. त्याहून जास्त केलं तर एकेका दिवसाचे डबे भरून फ्रीझरमध्ये टाका. कुत्र्याचा डबा आणि त्याचा डाव वेगळा ठेवलात तर घाईत कुणी त्यात आमटीचा डाव बुडवणार नाही.

भाताऐवजी कधी नाचणीची पेज, कधी ज्वारीच्या कण्या, कधी रताळं चालतं. चिकनऐवजी आठवड्यातून एकदा मासा द्या. बांगडा किंवा तारली यांत चांगले स्निग्धांश असतात आणि ते स्वस्तही मिळतात. शिजवून एकेक काटा बोटांनी चाचपून काढायचा. ते कंटाळवाणं आहे, पण चार किलोच्या कुत्र्याच्या घशात अडकलेला काटा काढणं त्याहून फार अवघड. कलेजी आठवड्यातून एक-दोनदा, एका वेळी दहा-पंधरा ग्रॅमच. कलेजीत अ जीवनसत्त्व खूप असतं आणि ते शरीरात साठत जातं. कुत्र्याला आवडते म्हणून रोज घालायची वस्तू नव्हे ती.

घरात मांसाहार होत नसेल तरी मार्ग आहे. मांजराच्या बाबतीत असं म्हणता येत नाही, कुत्र्याच्या बाबतीत येतं. घरात अंडं चालत असेल तर काम खूप सोपं होतं: उकडलेलं अंडं, घरी केलेलं बिनमिठाचं पनीर, चांगली मऊ शिजवलेली मुगाची डाळ, भात आणि भाजी. अंडंही चालत नसेल तर मात्र पशुवैद्याला विचारूनच आहार ठरवा. ब-१२ आणि ड जीवनसत्त्व कुठून येणार याची सोय आधी करावी लागते. नुसत्या दही-भातावर किंवा दूध-पोळीवर कुत्रा वर्षानुवर्षं जगतो हे खरं. पण त्यात प्रथिनं कमी पडतात, स्नायू झडत जातात, केस रूक्ष होतात, आणि आपण म्हणतो वय झालं. शिवाय वाढ पूर्ण झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही. दही आणि बिनमिठाचं ताक सहसा चालतं.

टरफलाची पूड कशासाठी?

मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. महिनोन् महिने चिकन-भात घातला आणि कॅल्शियम दिलं नाही, तर शरीर ते स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. दात हलतात, हाडं ठिसूळ होतात. घरगुती आहारात सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि बाहेरून ती बराच काळ दिसत नाही.

अंड्यांची टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळा, कडक वाळवा आणि मिक्सरमधून टाल्कम पावडरीइतकी बारीक करा. एक ग्रॅम पुडीत ३८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याची एका दिवसाची गरज साधारण भागते. एका अंड्याचं टरफल पाच दिवस पुरतं. हाताने चिमूट घालू नका. ग्रॅमचा काटा नसेल तर चहाच्या सपाट चमच्याचा पाचवा भाग घ्या. मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला हे विचारल्याशिवाय देऊ नये.

आणि तरीही काही गोष्टी राहतातच. अमेरिकेतल्या डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींमध्ये किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी निघालं. त्यांत पशुवैद्यांनी लिहिलेल्या पाककृतीही होत्या. वरची माझी यादीही त्याला अपवाद नाही. जस्त, आयोडीन, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्व या गोष्टी चिकन-भात-भोपळ्यातून पुरेशा मिळत नाहीत. घरगुती अन्नाला जोड म्हणून खास कुत्र्यांसाठी केलेल्या पूरक पावडरी मिळतात. पशुवैद्याला तुमची यादी ग्रॅमसकट दाखवा आणि कोणती पावडर, किती, ते लिहून घ्या. पावडरीत कॅल्शियम असेल तर टरफलाची पूड बंद किंवा कमी करावी लागते, हेही तेव्हाच विचारा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांच्या चिकित्सालयांतही असा सल्ला मागता येतो. हा सगळा व्याप नको असेल तर निम्मं चांगल्या प्रतीचं तयार अन्न आणि निम्मं घरचं, असं करा. नवख्या घराला मी हाच मार्ग सुचवीन.

बदल हळू करा

आजपर्यंत दुकानातले दाणे खाणाऱ्या कुत्र्याला उद्यापासून घरचं घातलं तर जुलाब ठरलेले. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग घरचं, पुढचे दोन-तीन दिवस निम्मं, मग पाऊण, आणि आठ-दहा दिवसांनी पूर्ण. या काळात शी रोज बघा. घट्ट, उचलता येणारी असेल तर पुढे जा. पातळ झाली तर एक पायरी मागे या. दोन दिवसांत सुधारलं नाही, किंवा रक्त दिसलं, तर डॉक्टरकडे जा.

आपल्या ताटातलं का नाही

मराठी स्वयंपाकात कांदा आणि लसूण टाळणं जवळजवळ अशक्य, आणि कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नेमक्या त्यांनीच फुटतात. चार किलोच्या कुत्र्याला साठ-सत्तर ग्रॅम कांदा, म्हणजे एक मध्यम कांदा, पुरेसा होऊ शकतो. लसूण तर त्याहून कितीतरी तीव्र. शिजवला, तळला, वाळवला तरी फरक पडत नाही. रोज थोडा थोडा पोटात गेला तरी नुकसान होतं, आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात: हिरड्या फिकट, लघवी गडद, कुत्रा गळून गेलेला. म्हणून आमटी, रस्सा, पावभाजी, सुक्या खोबऱ्या-लसणाची चटणी लागलेली भाकरी, काहीच नाही. लसणाने गोचीड पळतात असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

द्राक्षं, मनुका आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. कुठल्या कुत्र्याला किती चालेल हे आधी सांगता येत नाही. त्यातलं टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावं असं अलीकडे मानलं जातं. ते आम्ल चिंचेतही भरपूर असतं, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची नोंद पशुवैद्यकांनी केली आहे. म्हणजे चिंच-गुळाची आमटी दोन्हीकडून बाद. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे आणि दिवाळीच्या लाडवावर लावलेला बेदाणाही तसाच. प्रसाद म्हणून तोंडाला लावायचा असेल तर केळ्याची एक चकती द्या.

चॉकलेट, कॉफी, दारू आणि ज्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) आहे असं बिनसाखरेचं च्युइंग गम किंवा गोळ्या, हे सगळं वर्ज्य. शिजवलेली हाडं फुटून अणकुचीदार तुकडे होतात, मग ते चिकनचं हाड असो की मटणाची नळी. तळणीचा खमंग वास कुत्र्याला वेडं करतो, पण भजी, वडे आणि चरबीचे तुकडे यांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि लहान जाती त्याला जास्त बळी पडतात. आणि मे महिन्यात आंब्याची कोय! चोखलेली कोय ताटात सोडून उठू नका. लहान कुत्र्याच्या आतड्यात ती अडकली तर ऑपरेशनशिवाय इलाज नसतो.

निगा: जिथे नैसर्गिक पुरतं आणि जिथे नाही

विंचरणं, फिरवणं, स्वच्छ पाणी, कोरडी जागा, पुरेशी झोप. खरी नैसर्गिक निगा ही, आणि ती फुकट आहे. लांब केसांच्या कुत्र्याला रोज विंचरा. आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते. माणसाचा शाम्पू किंवा साबण वापरू नका, कुत्र्याच्या त्वचेची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते. कडुनिंबाचा पाला उकळलेलं कोमट पाणी शेवटी अंगावर ओतायला हरकत नाही. त्याने गोचीड मरतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

गोचिडाबद्दल थोडं सविस्तर. आपल्याकडे कुत्र्यांवर आढळणारा तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर नव्हे, घरात काढतो: भिंतीच्या भेगा, पलंगाखालच्या फटी, खिडकीची चौकट. एक मादी हजारो अंडी घालते. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे जंतू गोचिडातूनच येतात, आणि ज्याला आपण टिक फीवर म्हणतो तो लहान कुत्र्याला भराभर खंगवतो. म्हणून रोज फिरून आल्यावर कानांच्या आत, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवा. गोचीड सापडला तर चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा. रॉकेल, पेटती उदबत्ती, तेल, काही नको. घराच्या फटी झाडून, व्हॅक्यूम करून बंद करा. आणि डॉक्टरांनी वजनानुसार दिलेलं गोचिडाचं औषध वेळेवर द्या, इथे पाल्या-मुळ्यांवर विसंबू नका. टी ट्री ऑइल, कापूर, डांबरगोळ्या या वासाच्या वस्तू कुत्र्याला विषारी आहेत. कापूर पोटात गेला तर झटके येतात. देवघरातली कापराची डबी आणि कपाटातल्या डांबरगोळ्या त्याच्या तोंडापासून लांब ठेवा.

पावसाळ्यात पाय. प्रत्येक फेरीनंतर बोटांमधली जागा कोरड्या फडक्याने टिपा, नाहीतर तिथे बुरशी धरते आणि कुत्रा पाय चाटत बसतो. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस मुंबई-कोकणात दर पावसाळ्यात डोकं वर काढतो आणि त्यावर लस आहे.

उन्हाळ्यात पग आणि शिह त्झू यांची विशेष काळजी घ्या. चपट्या नाकामुळे त्यांना धापा टाकून अंग गार करणं जमत नाही. विदर्भ-खानदेशात तर सकाळी सातच्या आत आणि रात्रीच फिरवा. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. पॉमचे केस भादरून टाकू नका, दुहेरी केसांचं ते आवरण उन्हापासून त्याचा बचाव करतं. आणि पॉमला गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा घाला. लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते, दोरी ओढली की खोकला सुरू होतो.

दात हा लहान कुत्र्यांचा कमकुवत भाग, कारण छोट्या जबड्यात दातांची दाटी होते. बोटाला मऊ कापड गुंडाळून रोज बाहेरच्या बाजूने दात पुसा. सुरुवातीला नुसता ओठ उचलून सोडून द्या, पुढचं आपोआप जमतं. आपली टूथपेस्ट नको, मीठही नको. तोंडाला घाण वास येत असेल तर दाखवून घ्या. वास लपवायला पुदिना घालण्यात अर्थ नाही.

रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्हो या जीवघेण्या रोगांवरच्या लसी, त्यांचे वेळेवरचे डोस आणि दर तीन महिन्यांनी किंवा डॉक्टर सांगतील तसं जंताचं औषध यांना घरगुती पर्याय नाही. हळद, आवळा, खोबरेल तेल यांतलं काहीही त्यांची जागा घेत नाही. खोबरेल तेलाचा एक चमचा चाळीस कॅलरींचा असतो, एवढं सांगून तो विषय संपवतो.

रात्री काही झालं तर

आजच आपल्या भागात रात्री कोणता प्राण्यांचा दवाखाना उघडा असतो ते शोधा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. सारख्या उलट्या, फुगलेलं पोट, फिकट किंवा निळसर हिरड्या, झटके, लघवी न होणं, धाप न थांबणं, किंवा वर सांगितलेलं काही पोटात गेल्याची शंका: यात सकाळची वाट पाहू नका. ताप-दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, लहान कुत्र्याला माणसाची एक गोळीही घातक ठरू शकते. उन्हाने तडफडत असेल तर नळाच्या पाण्याने अंग भिजवून पंख्याखाली ठेवा आणि लगेच निघा. फोनवर डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: काय खाल्लं, किती, किती वाजता, आणि कुत्र्याचं वजन. वेष्टन किंवा उरलेला तुकडा पिशवीत टाकून बरोबर न्या. उलटी करवायला मिठाचं पाणी पाजू नका. मीठ जास्त झालं तर तेच विष होतं. उलटी करवायची की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.